स्वतः पाणी पिणारी कुंडी : एका जुन्या कल्पनेचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी विचारलं की, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, आणि पुढचा विषय बादल्यांचा कसा काय?" प्रश्न रास्त आहे. आज आपण बोलणार आहोत ते घरच्या घरी बनवता येणाऱ्या, स्वतः पाणी घेणाऱ्या कुंडीबद्दल. ती कशी करायची हे आम्ही सांगणारच आहोत. पण ती कल्पना आली कुठून, आणि आपल्या या शहराचा तिच्याशी काय संबंध, हे आधी पाहू. तत्त्वज्ञानाचा प्रश्न मध्ये कुठेतरी आपोआप येईल. 'आपोआप' हा शब्द मात्र लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं व्याख्यान त्या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

सुरुवात घरातून करतो. काही वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही उभयता मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे पुण्याला गेलो होतो. घराच्या किल्ल्या शेजारच्या काकूंकडे दिल्या आणि सांगितलं, "काही नाही हो, फक्त तुळशीला तांब्याभर पाणी घालत जा." ती तुळस आमच्या आईच्या हातची. म्हणजे झाड तेच नव्हे. तुळस काही पन्नास वर्षं जगत नाही. पण आईने पैठणच्या घरून आणलेल्या तुळशीच्या मंजिऱ्यांचीच ती रोपं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं अशी चालत आलेली. परत आलो तर वृंदावनात काड्या उभ्या होत्या. काकू दारातच रडायला लागल्या. झालं असं होतं की, त्या पंधरवड्यात आमच्या गल्लीत नळाचं पाणी नेहमीपेक्षा फार लांबलं. टँकर आला तेव्हा त्यांच्या वाट्याला आले दोन ड्रम. घरात पाच माणसं, त्यात एक अंथरुणाला खिळलेले आजोबा. काकू म्हणाल्या, "भाऊ, तांब्या हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. पाप लागेल का हो मला?"

आम्ही चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. पण त्या प्रश्नाला दारात उभं राहून देता येईल असं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. "अहो, तुमचं काही चुकलं नाही," एवढंच म्हणालो. आणि ते खरंच होतं. चूक आमची होती. ज्या शहरात नळ रोज येत नाही, तिथे आपलं झाड दुसऱ्याच्या तांब्यावर सोडून जाणं म्हणजे त्या माणसाला रोज एक निवड करायला लावणं, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

त्या संध्याकाळी वृंदावनापुढे सवयीने दिवा लावला. आणि बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. दिव्यात तेल खाली, ज्योत वर. कुणी तेल चमच्याने वर चढवत नाही. कापसाची वात ते स्वतः ओढून घेते, लागेल तेवढंच. आमच्या तुळशीपुढे रोज संध्याकाळी हे तंत्र जळत होतं, आणि तुळस मात्र तहानेने मेली.

आता इतिहासाकडे वळू.

पाणी माणसाच्या हाताशिवाय झाडापर्यंत, किंवा देवापर्यंत, किंवा गावापर्यंत पोचवायच्या आपल्याकडे तीन रीती दिसतात. पहिली गळतीची. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर टांगलेलं तांब्याचं किंवा मातीचं भांडं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. वेरूळला घृष्णेश्वरी जा, नाहीतर आपल्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात. भांड्याच्या बुडाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पडत राहतो. काही घरांत चैत्र-वैशाखात तुळशीवरही असं मडकं टांगतात. याला आपण गळती म्हणतो. नळ गळतो ती गळती आणि देवावर लावतात ती गळती, शब्द एकच. एक दोष आणि एक सेवा!

गळतीमागचं शास्त्र सोपं आहे. पाणी जड, ते खाली येतं. पण तिच्यात एक उणीव आहे. पिंडी तापलेली असो वा गार, झाड तहानलेलं असो वा तृप्त, थेंब पडतच राहतो. गळती देते, पण विचारत नाही.

दुसरी रीत नहरीची, आणि इथे आपल्या शहराचा इतिहास सुरू होतो. १६१० साली मलिक अंबरने खडकी गावी राजधानी वसवली. नावच खडकी, खडकाळ जागा. निजामशाहीचं लष्कर, बाजार, वाडे हे सगळं इथे आणायचं तर पाणी कुठून आणणार? खाम नदी काही बारमाही भरवशाची नव्हे. मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगराकडे, हर्सूलच्या बाजूला पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत जे पाणी मुरलेलं असतं, ते जमिनीखालूनच उताराने शहराकडे आणलं. हीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात शहरात आणखी नहरी झाल्या, आणि पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांच्यातलीच.

नहरीत काही ठिकाणी पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून येतं. वाटेत जमीन खोल गेली की नळ खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा वर चढतो. उगमाकडचं पाणी उंचावर असल्यामुळे त्याच्या दाबाने पुढचं पाणी चढतं. पण अशा बंद नळात हवा अडकली की प्रवाह तटतो. म्हणून वाटेत जागोजागी चुन्या-विटांचे उंच खांब बांधले. पाणी त्या खांबात चढतं, हवा वरून निघून जाते, पाणी पुन्हा उतरून पुढे चालू लागतं. हे ते बंबे. आपल्यातले कित्येक जण लहानपणी त्यांच्या सावलीत गोट्या खेळले असतील आणि हे काय आहे असं कुणाला विचारलंही नसेल.

पाणचक्कीत तर या पाण्याचं दर्शनच होतं. उंच भिंतीवरून ते हौदात कोसळतं. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याशी ही चक्की जोडलेली. पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ निघायचं. आणखी एक गंमत बघा. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली माणसं. उन्हाळ्यात खालचं दालन गार. तेव्हा तळाशी पाणी साठवून वरची जागा गार ठेवायची कल्पना आज आपण कुंडीत करतो. तिथे ती उलटी करून ठेवली आहे.

आता मलिक अंबर कोण होता ते आठवा. इथिओपियात सोळाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला मुलगा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीतला चंगीझखान नावाचा पेशवा त्याचा इथला धनी. त्या धन्याच्या मृत्यूनंतर तो सुटला, सैनिक झाला, सरदार झाला, आणि शेवटी अख्खी निजामशाही त्याने हातावर तोलून धरली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादेत आहे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे थांबावंच लागतं. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात, पहिल्याच भागात, एक मोठी विलक्षण गोष्ट मांडली आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा की, हत्यारं जर सांगितल्याबरोबर, किंवा न सांगताच, आपलं काम आपण करू लागली, धोटा आपोआप विणू लागला, तर कारागिराला मदतनीस नको आणि धन्याला गुलाम नको. ॲरिस्टॉटलला हे अशक्य वाटत होतं, म्हणून त्याने गुलामी स्वाभाविक मानली. त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी एक माजी गुलाम या खडकाळ माळावर असं काहीतरी उभं करतो की, पाणी आपलं आपण चालत येतं. पखालवाल्याच्या पाठीवरून नाही, बाईच्या डोक्यावरून नाही. त्याच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही, आणि त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. पण काम समोर आहे. पाणी वाहणं हे जगातलं सर्वात जुनं वेठीचं काम, आणि ते या शहराच्या जन्माबरोबरच काही अंशी माणसाच्या अंगावरून उतरलं.

काही अंशी म्हणतो, कारण पाणी आलं तरी ते कुणी घ्यायचं हा प्रश्न उरतोच. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांबरोबर वेरूळ पाहायला निघाले असताना वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दरवाज्याजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गलका झाला, आणि पुढे किल्ला पाहताना त्यांनी कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर पहारा दिला गेला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आपल्यापासून पंधरा किलोमीटरवरची गोष्ट. पाण्याचं यंत्र कितीही सुंदर असलं तरी त्याच्या तोंडाशी माणूसच उभा असतो, आणि तो कोणाला हो म्हणेल आणि कोणाला नाही, हे यंत्र ठरवत नाही.

तिसरी रीत मडक्याची. आपला आजचा विषय तिचाच वंशज आहे.

मातीचं न चमकवलेलं, म्हणजे वरून काचेचा लेप नसलेलं मडकं घ्या. जमिनीत गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरा, वर झाकण ठेवा. बाजूला वेल किंवा रोप लावा. मडक्याच्या भिंतीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू मातीत झिरपतं. चीनमध्ये इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात फान शंग-ची नावाच्या कृषिपंडिताने याची कृती नोंदवली आहे: खड्डा करा, भरपूर खत घाला, मध्ये मडकं पुरा, त्याचं तोंड जमिनीच्या पातळीत ठेवा, भोवती चार खरबुजाच्या बिया लावा, मडक्यावर कौल झाका, आणि पाणी उतरलं की पुन्हा भरा. दोन हजार वर्षं झाली. आजही आपल्या मराठवाड्यात आंब्याचं कलम लावलं की शेजारी जुना माठ पुरणारे शेतकरी आहेत. माठ फुटका नसला म्हणजे झालं. उलट जुना, पाणी गार न करणारा माठ मात्र चालत नाही बरं का. क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात, म्हणून तर तो पाणी गार करत नाही. घासून, वाळवून, भरून पाहावा. बाहेरून ओल दिसली तर उपयोगाचा.

मडक्यात आणि गळतीत फरक काय? भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी जोराने ओढते. माती ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणंही मंदावतं. पाऊस पडला तर जवळजवळ थांबतंच. म्हणजे इथे देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. झाड मुळांनी माती कोरडी करतं, माती मडक्याकडे मागते, मडकं देतं. आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की, दानाचे दोन प्रकार: एक देणाऱ्याच्या सवडीने, दुसरं घेणाऱ्याच्या गरजेने. नीतिशास्त्राच्या पुस्तकात हे सांगायला चार प्रकरणं लागतात, आणि इथे एका मडक्यात भागलं.

या ओढीला शास्त्रात केशाकर्षण म्हणतात. केसासारख्या बारीक नळीत पाणी आपण होऊन वर चढतं. १७१८ च्या सुमारास इंग्रज वैद्य जेम्स जुरिन याने नियम मांडला की, नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं. हिशोब करून पाहा: एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढेल; त्रिज्या दहा पट कमी केली तर चढण दहा पट, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. मातीच्या कणांमधली जागा म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या. पुढे १९०७ साली अमेरिकेच्या मृदा खात्यात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅमने दाखवलं की, माती पाण्याला किती ओढते हे मोजता येतं, आणि पाणी कमी ओढीकडून जास्त ओढीकडे जातं. कुंभाराला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते बोटांना माहीत होतं, बकिंगहॅमने ते आकड्यांत आणलं.

मधल्या काळात आणखी एका डॉक्टरची गोष्ट आहे, ती सांगतो. १८२९ साली लंडनच्या नाथानिएल वॉर्डने एका पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीत ठेवला होता. काही दिवसांनी पाहतो तो मातीतून नेच्याचं रोप उगवलेलं. दिवसा बाटलीत वाफ होते, काचेवर जमते, पुन्हा मातीत उतरते. तेच पाणी पुन्हा पुन्हा! यातून बंद काचपेट्या तयार झाल्या. त्याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं १८५० च्या आसपास हिंदुस्थानात आणली. बोटीवर गोडं पाणी मोलाचं. खलाशी रोपाला पाणी देणार की स्वतः पिणार? हाच आमच्या काकूंचा प्रश्न. फक्त तिथे तो एका साम्राज्याच्या व्यापारासाठी सोडवला गेला. म्हणजे आपोआप पाणी मिळण्याची युक्ती चांगली की वाईट हे युक्तीवरून ठरत नाही, ती कोणाच्या कामाला लागली यावरून ठरतं.

आणि मग १९९० च्या दशकात फ्लोरिडातले टोमॅटोचे शेतकरी ब्लेक व्हिसेनंट यांनी प्लास्टिकच्या खोक्यात खाली पाणी, वर माती, मधे मातीचीच वात अशी पेटी बाजारात आणली. ती लोकप्रिय झाली, आणि लोकांनी लगेच तिच्या घरगुती नकला बादल्यांत सुरू केल्या. आपल्याकडे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या नावाने जी चळवळ चालवली, तिचाही गाभा हाच होता: प्रयोगशाळा घरात आहे, शेतात आहे, साध्या माणसाने प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि दुसऱ्याला सांगावी. तेव्हा आता आम्ही आमची नोंद सांगतो.

दोन जुन्या रंगाच्या बादल्या घ्या, वीस-वीस लिटरच्या. पेंटरकडे स्वस्तात मिळतात. आतला रंग चांगला खरवडून धुवा. खाण्याची भाजी लावायची असेल तर रंगाऐवजी खाद्यतेलाच्या किंवा लोणच्याच्या बादल्या बघा. एक बादली दुसरीत बसवा. आतली फार खाली जाऊ नये म्हणून मधे एखादा उपडा डबा ठेवा, म्हणजे खाली आठ-दहा सेंटिमीटरची जागा राहील. हा आपला हौद.

आतल्या बादलीच्या बुडाला मधोमध एक मोठं भोक पाडा, त्यातून एक छोटी जाळीदार प्लास्टिकची कुंडी खाली लोंबेल आणि हौदाच्या तळाला टेकेल अशी बसवा. तुमचा आधाराचा डबा तिच्या शेजारी येईल असं बघा. या छोट्या कुंडीत माती दाबून भरायची. ही आपली वात. बाकी बुडाला दहा-बारा बारीक भोकं हवेसाठी. कडेने एक इंचाचा पाइप उभा घाला, त्याचं खालचं टोक तिरपं कापा, नाहीतर ते तळाला चिकटून पाणी उतरत नाही. आम्ही पहिल्यांदा सरळ कापलं आणि अर्धा तास पाणी का जात नाही म्हणून बघत बसलो होतो. शेवटचं आणि सर्वात महत्त्वाचं भोक बाहेरच्या बादलीला: आतल्या बादलीच्या बुडाच्या किंचित खाली. जास्तीचं पाणी इथून बाहेर पडेल. हे भोक नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात मुळं कुजलीच म्हणून समजा.

माती कोणती? आपली काळी माती नको. ती पाणी धरते खूप, पण सोडत नाही. ओली झाली की हवा जात नाही, आणि वाळली की भेगा पडून वातच तुटते. आम्ही साधारण दोन भाग कोकोपीट, दोन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू घेतो. भरताना थर देऊन ओलं करा. पहिल्या दिवशी वरूनही पाणी घाला, कारण अगदी कोरडं कोकोपीट सुरुवातीला पाणी घेत नाही, त्याला एकदा ओळख करून द्यावी लागते. मग पाइपातून हौद भरा. वर वाळलेला पाला पसरा.

जुरिनचा नियम आठवा. हौद आठ-दहा सेंटिमीटर आणि वरची माती वीस-पंचवीस एवढंच ठेवलं तर ओल वरच्या मुळांपर्यंत येते. फार खोल बादली केली तर वरचा थर कोरडा राहतो.

आता खरे आकडे सांगतो, कारण दुकानात 'महिनाभर पाणी घालू नका' असं सांगणारे भेटतात. या हौदात साधारण चार लिटर पाणी मावतं. हिवाळ्यात आमची तुळस त्यावर आठ-दहा दिवस काढते. पण वैशाखात फळावर आलेला टोमॅटो दिवसाला दीड-दोन लिटर पितो. म्हणजे दोन-तीन दिवस, बस. वरून घातलेलं पाणी मात्र ऊन आधी खातं आणि मग झाड. इथे वरचा थर कोरडा राहत असल्याने वाफ कमी होते, हा खरा फायदा. भाज्यांचं पाणी धुतलेलं, डाळ-तांदळाचं पहिलं पाणी गाळून हौदात चालतं, साबणाचं नको.

तीन सावधगिरी. पहिली डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडते. आपण झाडासाठी हौद केला आणि शेजाऱ्याच्या नातवाला ताप आणला असं होऊ नये. पाइपाला झाकण हवंच, आणि बाहेरच्या भोकावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. आठवड्यातून एकदा हौद पूर्ण रिकामा होऊ द्यावा. दुसरी क्षारांची. बोअरचं जड पाणी वापरलं की पाणी वर जातं, उडतं, आणि क्षार मातीत राहतात. वर पांढरी खपली दिसते. पावसाळ्यात पाला बाजूला करून चार मोठे पाऊस वरून जाऊ द्या, माती धुऊन निघते. तिसरी वजनाची. भरलेली बादली वीस किलोच्या आसपास जाते. गच्चीच्या मधोमध रांग लावू नका; कडेला, भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवा.

काकूंनी त्यांच्या घरची मंजिरी आम्हाला दिली. ती कुठून आली होती म्हणता? आईच्याच तुळशीची, आईने बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाईंना दिलेली. ती रोपं आता अशा दोन बादल्यांत आहेत. एक आमच्या दारात, एक काकूंच्या.

आता शेवटचा मुद्दा, आणि 'आपोआप' या शब्दाकडे परत येतो. नहर-ए-अंबरी शेकडो वर्षं चालली, ती आपोआप नव्हे. नहरीत उतरून गाळ काढणारी माणसं होती, फुटलेले नळ बदलणारी माणसं होती. त्यांची नावं कुठल्या शिलालेखावर नाहीत. शहर वाढलं, नळाचं पाणी लांबच्या धरणातून येऊ लागलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला झाली, १९७६ ला धरण राष्ट्राला अर्पण झालं, आणि पैठणहून पाणी चढवून शहरात आणलं जाऊ लागलं. नहर उताराने येत होती, तिला वीज लागत नव्हती. धरणाचं पाणी वर चढवावं लागतं, ते विजेवर चालतं. आम्ही जुनं ते सोनं म्हणणारे नाही. एवढ्या मोठ्या शहराला नहर पुरली नसती. पण नव्या पाण्याच्या भरवशावर आपण नहरीकडे पाहायचं सोडलं. कुठे पायाच्या खोदकामात नळ फुटले, कुठे बंब्याला टेकून दुकान उभं राहिलं. ज्या दिवशी आपण एखाद्या गोष्टीला 'ती आपोआप चालते' म्हणतो, त्या दिवसापासून तिच्याकडे बघणं थांबतं.

म्हणून आम्ही या कुंडीला स्वयंचलित म्हणत नाही. ती स्वतः पिते, पण स्वतः भरत नाही. भरणारा हात लागतोच. फरक एवढाच की, तो हात रोज सकाळी सातला तांब्या घेऊन उभा राहावा लागत नाही. पाणी आलेल्या दिवशी एकदा भरलं की मधले दिवस काकूंना तांब्या हातात घेऊन विचार करत बसावं लागत नाही. यंत्राने माणसाला जबाबदारीतून सोडवू नये. पण वैशाखातल्या दुपारी घरातल्या आजारी माणसाचा घोट की शेजाऱ्याची तुळस, असल्या निवडीतून सोडवलं, तर ते यंत्र चांगलं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला असं उशिरा सापडलं.

घरी गेल्यावर एक छोटा प्रयोग करा. वाटीभर पाणी घ्या, सुती चिंधीचं एक टोक त्यात आणि दुसरं टोक शेजारच्या कोरड्या मातीच्या कुंडीत खोचा. रात्रभर ठेवा. सकाळी माती हाताने चाचपून पाहा. सुती चिंधी काही आठवड्यांत कुजते, म्हणून कायमची करायची तर नायलॉनची जाड दोरी घ्या. आणि जमलं तर या रविवारी कुणाला तरी सोबत घेऊन एखाद्या बंब्याजवळ पाच मिनिटं उभे राहा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा हे काय आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात आधीपासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.